धावपट्टीवर विमान डावीकडे पळतं: टेलड्रॅगर लढाऊ विमानांच्या टेकऑफची तपासणी

डीसीएस या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं कुठलंही टेलड्रॅगर, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेलं, विमान नव्यानं घेतलं की तक्रार एकच येते. पी-५१डी असो, स्पिटफायर नववी (मार्क ९) असो, बीएफ १०९ के-४ असो की एफडब्ल्यू १९०, थ्रॉटल (इंजिनाची पॉवर वाढवणारा दांडा) पुढे केला आणि विमान डावीकडच्या गवतात. यावर 'रडर दे', म्हणजे उभ्या शेपटीवरची झडप पायानं फिरव, एवढंच उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. रडर भरपूर देऊनही विमान पळत असेल तर दोष रडरमध्ये नसून आणखी कुठेतरी असतो, आणि तो शोधायचा एक क्रम आहे. फुकटातल्या तपासण्या आधी, पेचकस सगळ्यात शेवटी.

लक्षणं

आपलं विमान नक्की काय करतंय ते आधी ठरवा. सगळ्याला 'ओढतं' असंच म्हटलं जातं, पण दुखणी वेगवेगळी आहेत.

अ) थ्रॉटल वाढवला की नाक डावीकडे जातं. जितका जास्त आणि जितक्या घाईनं वाढवाल तितकं जास्त. बाजू कधीच बदलत नाही.

आ) आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे, आणि शेवटी पंखाचं टोक जमिनीला.

इ) इंजिन आयडलवर (सर्वांत कमी पॉवरवर) असताना, टॅक्सी करतानाच, म्हणजे जमिनीवर हळू चालवतानाच, विमान एका बाजूला वळतं. किंवा जागचं हलायलाच नको तेवढी पॉवर लागते.

ई) सरळ चाललेलं विमान मध्येच झटका खातं. बाजू ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही.

उ) धावपट्टीवर सगळं ठीक, पण चाकं सुटताच डावा पंख खाली पडतो.

यातलं 'अ' हा बिघाड नाहीच. ते विमान बरोबर बनवल्याची खूण आहे. 'आ' म्हणजे बहुतेक वेळा वैमानिकाचा पाय, किंवा मदत करायला निघालेली एखादी सेटिंग. 'इ' म्हणजे ब्रेक किंवा शेपटीचं चाक. 'ई' आलं तर संशय थेट जॉयस्टिकवर किंवा बाइंडिंगवर (कुठलं उपकरण काय चालवतं त्या नोंदीवर) घ्यायचा. 'उ' वेगाचा प्रश्न आहे, तो शेवटी बघू.

कसोटी सोपी आहे. ओढ दरवेळी एकाच बाजूला आहे का, आणि ती पॉवरबरोबर वाढते का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर स्टिक उघडू नका.

डावीकडेच का

मर्लिन, डीबी ६०५, बीएमडब्ल्यू ८०१, आर-२८००, या सगळ्या इंजिनांवरचा पंखा कॉकपिटमधून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्यामुळे चार गोष्टी होतात आणि चारही नाक डावीकडेच नेतात. पंख्याच्या उलट विमान डावीकडे कलू बघतं, म्हणून डाव्या चाकावर भार येतो आणि ते जास्त अडतं. पंख्यामागची हवा पिळासारखी फिरत जाऊन उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते आणि शेपूट उजवीकडे ढकलते. शेपूट खाली असेपर्यंत पंख्याचं खाली येणारं, म्हणजे उजवीकडचं पातं जास्त ओढतं. आणि शेपूट उचलली जाते त्या क्षणी फिरणारा पंखा गायरोस्कोपसारखा वागून नाकाला आणखी एक हिसका देतो. हा चौथा हिसका शेपूट उचलण्याच्या वेगावर अवलंबून असतो. हळू उचललीत तर तो जाणवतही नाही.

त्यात भर म्हणजे टेलड्रॅगरचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. दुकानातली ट्रॉली मागून न ढकलता उलटी धरून ढकलली की कशी गर्रकन फिरते, तसंच. एकदा नाक वळायला लागलं की मागचं वजन ते आणखी वळवतं. म्हणून ५ अंशांना दिलेला थोडासा रडर पुरतो आणि २० अंशांना दिलेला पूर्ण रडरही पुरत नाही.

ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरमध्ये पंखा उलटा फिरतो, त्यामुळे तिथे ओढ उजवीकडे असते. भारतीय हवाई दलानं वापरलेली स्पिटफायर चौदावी याच जातीची. मर्लिनवर बसलेला पाय ग्रिफनवर नेमका चुकीच्या बाजूला दाबतो. सिम्युलेटरमध्ये विमान बदललं की पंखा कुठल्या दिशेनं फिरतो हे बाहेरच्या दृश्यात एकदा बघून घ्यायचं.

पहिली तपासणी: खुर्ची आणि लादी

हसू नका. पेडल वापरणाऱ्यांच्या बाबतीत हा दोष इतक्या वेळा निघतो की क्रमात तोच पहिला येतो. चाकांची खुर्ची असेल तर उजवं पेडल जोरात दाबल्यावर पेडलऐवजी खुर्ची मागे जाते. गुळगुळीत लादीवर पेडलचा सांगाडाच पुढे सरकतो. वैमानिकाला वाटतं पूर्ण रडर दिला, सिम्युलेटरला मिळतो ६० टक्के. पेडलखाली रबरी मॅट टाका आणि खुर्चीची चाकं अडवा. पेडल आणि खुर्ची एका दोरीनं किंवा पट्ट्यानं जोडली तर उत्तमच.

दुसरी: वारा आणि मिशन

दुखणं वाऱ्याचं आहे का ते दोन मिनिटांत कळतं. मिशन एडिटरमध्ये एक रिकामं मिशन करा. वारा शून्य, हवेची घुसळण शून्य, बाहेर काहीही टांगलेलं नाही, लांब धावपट्टी. उभ्या शेपटीचा पसारा चाकांच्या बराच मागे असल्यामुळे टेलड्रॅगर वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड करतं. वारा डावीकडून असेल तर तो पंख्याच्या ओढीत भर घालतो, उजवीकडून असेल तर ती कमी करतो. तुमचं रोजचं मिशन डाव्या वाऱ्याचं असेल तर धावपट्टीचं दुसरं टोक वापरा, मात्र शेपटीचा वारा ३-४ नॉटच्या वर जाता कामा नये.

याच मिशनमध्ये इंधनही बघा. पी-५१डीच्या दोन पंखांत प्रत्येकी ९२ गॅलन आणि वैमानिकाच्या मागच्या टाकीत ८५ गॅलन बसतं. म्हणजे एकूण २६९ पैकी १८४ गॅलन, साधारण ६८ टक्के, पंखांत मावतं. इंधनाची पट्टी ६८ च्या वर नेली की पाठीमागची टाकी भरायला लागते, गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान जमिनीवरही हवेतही चंचल होतं. सराव ५० टक्क्यांवर करा. एकाच पंखाखाली बॉम्ब किंवा टाकी लावून सराव करणं म्हणजे दोन दुखणी एकदम ओढवून घेणं.

तिसरी: मदत करणारी सेटिंग

ऑप्शन्समध्ये 'स्पेशल' नावाचा टॅब आहे. तिथे डावीकडे विमानांची यादी येते. पी-५१डी, स्पिटफायर, १०९, १९० यांच्या पानावर 'टेकऑफ असिस्टन्स'ची पट्टी आणि 'ऑटो रडर'चा चौकोन सापडेल. पट्टी शून्यावर न्या, चौकोन रिकामा करा. प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं. एकात बदललं म्हणजे सगळीकडे बदललं असं नाही.

मदत नको कशासाठी? कारण ती तुम्हाला न विचारता रडर देते. तुम्हीही देता. दोन्ही मिळून जास्त होतो, नाक उजवीकडे जातं, तुम्ही डावा देता, आणि 'आ'मधला झोका सुरू होतो. रडर अजिबात न वापरणाऱ्याला ही मदत उपयोगी पडते. पाय वापरणाऱ्याला ती पायात येते. काही जण पट्टी ५० वर ठेवून हळूहळू कमी करतात. तो मार्ग मला पटत नाही, कारण प्रत्येक टप्प्याला पायाची सवय नव्यानं लावावी लागते.

चौथी: एका अक्षाला दोन मालक

'ई' लक्षणाचं सर्वांत मोठं कारण हे आहे. डीसीएस नवीन उपकरण दिसलं की त्यावर पिच (नाक वर-खाली), रोल (आडवं कलणं), रडर, थ्रॉटल आपणहून बांधून टाकतं. जॉयस्टिकचा पीळ (दांडा पिळून रडर द्यायची सोय), पेडल, वेगळा थ्रॉटल आणि शिवाय कोपऱ्यात पडलेला गेमपॅड, या सगळ्यांना रडर मिळालेला असू शकतो. पेडल ७० टक्क्यांवर असताना हातातली स्टिक किंचित पिळली गेली की रडर पिळाच्या आकड्यावर उडी मारतो.

कंट्रोल्समध्ये जा, विमान निवडा, यादीतून 'ॲक्सिस कमांड्स' घ्या. रडरच्या ओळीत फक्त एका स्तंभात नोंद असली पाहिजे. बाकीच्या पुसा. हेच पिच, रोल, थ्रॉटल आणि दोन्ही ब्रेकच्या ओळींसाठी करा. गेमपॅड वापरत नसाल तर त्याचा पूर्ण स्तंभच रिकामा करा. पेडल असतील तर स्टिकचा पीळ यांत्रिक कुलूप लावून बंद करा. बऱ्याच स्टिकना तशी सोय असते.

आता कॉकपिटमध्ये बसून उजवा कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. कोपऱ्यात लहान चौकट येते. तिच्यात स्टिकची जागा आणि खाली रडरची खूण दिसते. ही चौकट पुढच्या सगळ्या तपासण्यांत उघडी ठेवायची. पाय काढल्यावर खूण मधोमध येते का? पूर्ण दाबल्यावर टोकाला पोचते का? टोकाला पोचत नसेल तर ॲक्सिस ट्यूनमधलं सॅच्युरेशन (अक्ष किती टोकापर्यंत जाईल त्याची मर्यादा) कुणीतरी कमी केलेलं असतं. ते १०० वर न्या. रडरचं टोक कापून ओढ कमी होत नाही, फक्त ती आवरण्याची ताकद कमी होते.

पाचवी: डेडझोन आणि वक्र

डेडझोन म्हणजे मध्याजवळची, हलवूनही काही न होणारी जागा; वक्रता म्हणजे मध्याजवळचा प्रतिसाद किती सौम्य ते. पीळवाल्या स्टिकला डेडझोन ३ ते ५, चांगल्या पेडलना ० ते २. जास्त ठेवला की रडर आधी काहीच करत नाही आणि मग एकदम चावतो. वक्रता पिळाला १५ ते २५, पेडलना १० ते १५ पुरते. ३० च्या वर गेलात की मधला भाग बोथट होतो. नाक हलतं, तुम्ही थोडा रडर देता, काही होत नाही, आणखी देता, तोवर वक्राचा चढ सुरू होतो. म्हणजे सौम्य करायला घातलेली वक्रताच झोका तयार करते.

सहावी: शेपटीचं चाक

ही तपासणी प्रत्येक विमानात वेगळी आहे, आणि निम्म्याहून जास्त 'डावीकडे पळतं' इथेच मिटतात.

पी-५१डीमध्ये शेपटीच्या चाकाचं कुलूप स्टिकवर आहे. स्टिक मध्यावर किंवा मागे असेल तर चाक बांधलेलं राहतं आणि रडरबरोबर दोन्हीकडे ६ अंश वळतं. स्टिक पूर्ण पुढे ढकलली की चाक मोकळं होऊन कसंही फिरतं. चूक कुठे होते बघा: नाकापुढचं दिसत नाही म्हणून नवखा माणूस शेपूट लवकर उचलायला ताशी २०-३० मैल वेगालाच स्टिक पुढे दाबतो. शेपूट उचलण्याइतकी हवा अजून नाही, पण चाक मात्र सुटलं. रडरला दम नाही, चाकाला दिशा नाही, ओढ पूर्ण. त्यामुळे ५० ते ६० मैलांपर्यंत स्टिक मागे, मग ती सावकाश मध्यावर. शेपूट आपणहून वर येते.

एफडब्ल्यू १९० मध्येही स्टिक मागे ओढली की चाक बांधलं जातं. तिथे स्टिक पोटाशी धरून सुरुवात करायची. १०९ के-४ मध्ये कुलपाचा वेगळा दांडा आहे. पी-४७ मध्येही वेगळं कुलूप आहे. टॅक्सीसाठी उघडलेलं कुलूप टेकऑफपूर्वी लावायचं राहून जातं, म्हणून ते यादीत शेवटचं ठेवा, म्हणजे धावपट्टीवर आल्यावरच लावलं जाईल.

स्पिटफायरच्या चाकाला कुलूपच नाही. ते सदैव मोकळं. तिथे सगळी मदार सुरुवातीच्या रेषेवर. आणि हा नियम सगळ्यांनाच लागू आहे: धावपट्टीवर वळल्यावर थांबायच्या आधी विमान सरळ रेषेत ८-१० मीटर पुढे जाऊ द्या. शेपटीचं चाक तिरकं राहिलं असेल आणि तसंच बांधलं गेलं, तर पहिला हिसका तिथूनच येतो.

सातवी: ब्रेक अडकलेत का

टो-ब्रेक (पायाच्या बोटांनी दाबायचे, दोन चाकांचे वेगळे ब्रेक) असलेल्या पेडलमध्ये पाय काढलेला असताना मिळणारा आकडा बहुतेकदा सिम्युलेटरच्या दृष्टीनं 'पूर्ण दाबलेला' असतो. ॲक्सिस ट्यूनमध्ये 'इन्व्हर्ट' करावं लागतं. दोन्ही उलटे राहिले तर विमान हलत नाही, म्हणून लगेच कळतं. एकच उलटा राहिला तर विमान त्याच बाजूला गोल फिरतं. आणि एक ब्रेक ५-१० टक्के घासत राहिला तर मात्र कळतच नाही, फक्त 'आज ओढ जास्त आहे' एवढं वाटतं. ब्रेकच्या अक्षांना ५ ते ८ डेडझोन द्या, म्हणजे रडर दाबताना बोटांचा भार ब्रेकवर जात नाही. टाच खाली टेकवून पेडल दाबायची सवय यावर खरा उपाय आहे.

स्पिटफायरमध्ये टो-ब्रेक नाहीत. स्टिकवरच्या कड्यावर एकच दांडा आहे, आणि दाबलेली हवा कुठल्या चाकाला जाईल ते रडर ठरवतो. दांडा किंचित दाबला राहिला असेल आणि तुम्ही उजवा रडर दिलात, तर उजवं चाक अडतं आणि विमान तिथल्या तिथे गिरकी घेतं. स्पिटफायर उजवीकडे पळते अशी तक्रार आली की ब्रेकचा अक्ष आधी बघावा.

खात्री करायची असेल तर शून्य वाऱ्यात हळू चालीनं सरळ टॅक्सी करा, थ्रॉटल पूर्ण मागे घ्या, पाय उचला. विमान आळसावल्यासारखं हळूहळू थांबायला हवं. एका अंगाला झुकून थांबलं तर ब्रेक.

आठवी: ट्रिम आणि थ्रॉटलचा वेग

ट्रिम म्हणजे पाय-हातावरचा सततचा भार हलका करणारी छोटी पट्टी. पी-५१डीचा रडर ट्रिम टेकऑफसाठी ६ अंश उजवीकडे. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) ट्रिम पाठीमागची टाकी भरलेली असेल तर २ ते ४ अंश नाक जड. एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) शून्य. स्पिटफायर नववीत रडर ट्रिम पूर्ण उजवीकडे. १०९ के-४ आणि एफडब्ल्यू १९० मध्ये कॉकपिटमधून रडर ट्रिम नाहीच. खऱ्या विमानात तिथे शेपटीवरची पट्टी जमिनीवर उभं असताना वाकवायचे. त्यामुळे या दोघांत उजवा पाय टेकऑफभर दाबलेलाच राहणार, त्यात काही बिघडलेलं नाही. दोन इंजिनांच्या मॉस्किटोत दोन्ही मर्लिन एकाच दिशेनं फिरतात. तिथे डावा थ्रॉटल उजव्यापेक्षा थोडा पुढे ठेवून सुरुवात केली की ओढ जवळपास तोलली जाते.

ट्रिम दिल्यानं सगळा रडर मिळत नाही, पायाचं ओझं फक्त हलकं होतं. ट्रिम लावूनही सुरुवातीला अर्धा उजवा रडर लागणारच, कारण ट्रिमच्या पट्टीला काम करायला वारा लागतो आणि थांबलेल्या विमानात तो फक्त पंख्याचा असतो.

थ्रॉटलचं गणित असं. पी-५१डीमध्ये आरपीएम ३००० ला, ब्रेक धरून मॅनिफोल्ड (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) ३० इंच. ब्रेक सोडा. विमान सरळ आहे ना, मग ४०. वेग ५० मैल झाला, रडर लागू पडायला लागला, मग ४५ ते ५०. नेमून दिलेली टेकऑफ पॉवर ६१ इंच आहे, पण हलक्या विमानाला लांब धावपट्टीवर तिची गरज नसते. स्पिटफायरमध्ये बूस्ट, म्हणजे तोच दाब ब्रिटिश मापात, आधी +४, मग +७ किंवा +८, तेवढ्यावर ती मजेत उठते. १०९ के-४ मध्ये १.० एटीएपासून (हे त्याच दाबाचं जर्मन माप) सुरू करून १.२ ते १.३. शून्यापासून टेकऑफ पॉवरपर्यंत जायला ६ ते ८ सेकंद घ्या, मनात मोजून. लहान टेबलावरच्या थ्रॉटलचा एकूण प्रवास जेमतेम बोटभर असतो, त्यामुळे हाताला 'हळू' वाटतं ते विमानाला झटक्यासारखं लागतं.

पायाची लय: छोटा दाब, लगेच परत. दाबून धरायचा पाया एक आणि त्यावर टिचक्या. नाक थांबायची वाट बघत रडर धरून ठेवलात तर नाक पलीकडे जाणार. नाक परत फिरायला लागलं की त्याच क्षणी थोडा काढून घ्यायचा. नजर नाकावर नको, धावपट्टीच्या डाव्या कडेवर लांब ठेवा. तीन चाकांवर उभं असताना समोरचं दिसत नाही, आणि नाकाकडे बघणाऱ्याला वळण उशिरा कळतं.

'उ' लक्षण इथेच निघतं. चाकं सुटताच पंख पडतो, कारण विमान लवकर ओढून उचललं. पी-५१ला १०० ते ११० मैलांपर्यंत जमिनीवर राहू द्या. पंख पडलाच तर एलेरॉन पूर्ण उजवीकडे मारू नका. त्यानं डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, त्या टोकाचा कोन वाढतो आणि आधीच दमलेला पंख पूर्ण स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते. उजवा रडर, स्टिक किंचित पुढे, पॉवर थोडी कमी.

नववी: फ्रेम आणि यूएसबी

धावपट्टीवर चित्र अडखळत असेल, सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ३० च्या खाली जात असतील, तर डोळ्यांना वळण उशिरा दिसतं आणि पाय नेहमी मागे राहतो. सावल्या आणि गवताची दाटी कमी करून त्याच रिकाम्या मिशनमध्ये पुन्हा उडवून बघा. फरक पडला तर दोष पायाचा नव्हता.

रडर काही सेकंद गोठतो आणि विंडोजचा उपकरण निघाल्याचा आवाज येतो, असं असेल तर यूएसबी. वीजपुरवठा नसलेल्या हबमधून काढून पेडल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. पोर्ट बदलल्यावर कधी कधी बाइंडिंग हरवतं किंवा दुप्पट होतं, म्हणून चौथी तपासणी पुन्हा करा.

सेटिंगच गोंधळलेल्या वाटत असतील तर सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरात, कॉन्फिगच्या आत, 'इनपुट' नावाचं फोल्डर आहे. सिम्युलेटर बंद करून त्याचं नाव बदला, पुसू नका. पुन्हा सुरू केल्यावर सगळं कोरं येईल. फक्त पिच, रोल, रडर, थ्रॉटल, ब्रेक बांधून उडवा. दोष गेला तर तो जुन्या नोंदींत होता, नाही गेला तर जुनं नाव परत द्या.

दहावी: सेन्सर

इथवर आल्यावरच स्टिक किंवा पेडलवर संशय घ्या. विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल लिहून उपकरणाची चाचणीची खिडकी उघडा. रडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला पूर्ण १० सेकंद घ्या. पट्टी न थरथरता सरकली पाहिजे. मग डावीकडून सोडा, कुठे थांबते बघा. उजवीकडून सोडा, पुन्हा बघा. दोन जागांतलं अंतर २-३ टक्के असेल तर डेडझोन झाकून टाकतो. १० टक्क्यांच्या आसपास असेल तर भाग झिजलाय.

बऱ्याच स्टिकमध्ये पुढे-मागे आणि आडव्या हालचालीला चुंबकी हॉल सेन्सर असतो, पण पिळाला साधा पोटेन्शियोमीटरच (घासत फिरणारा, रोध बदलणारा भाग) असतो. त्यामुळे बाकी स्टिक नवीकोरी वागते आणि रडर तेवढा म्हातारा होतो. मधोमध थरथर म्हणजे धूळ, गंज किंवा झीज. कोकणातल्या पावसाळ्यात महिनाभर न वापरलेली स्टिक अशी हमखास थरथरते, आणि दहा-वीस वेळा पिळल्यावर पुष्कळदा सुधारतेही. रडर अचानक पूर्ण टोकाला जात असेल तर मात्र धूळ नाही, तुटलेली तार. पोटेन्शियोमीटरला तीन तारा असतात, कडेच्या दोनपैकी एक सुटली की मधली तार उरलेल्या टोकाचा आकडा दाखवते. पिळामुळे त्याच तारा रोज मुरडल्या जातात, म्हणून तुटतात त्याच.

साफ करायचं असेल तर यूएसबी काढा, स्क्रू उघडा, पोटेन्शियोमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन छोटे फवारे, २०-३० वेळा फिरवा, अर्धा तास वाळू द्या. दरवाजाच्या बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे नको. तो आठवडाभर छान चालतो आणि मग तेलाला धूळ चिकटून आधीपेक्षा वाईट होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळतो.

बदलायचा असेल तर जुन्या भागावरचा शिक्का वाचून तोच घ्या. 'बी१०के' म्हणजे सहसा सरळ वाढणारा १० किलोओहमचा. 'ए'चा, म्हणजे सरळ न वाढणारा, बसवला तर मध्य एका बाजूला सरकतो आणि कॅलिब्रेशननं तो नीट होत नाही. दांड्याची लांबी आणि त्यावरची चपटी बाजूही जुळली पाहिजे.

इथे थांबा

वॉरंटी चालू असेल तर स्क्रूलाही हात लावू नका. विकत घेतलेल्या दुकानाकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्राकडे द्या. सोबत जॉय डॉट सीपीएलच्या खिडकीचा छोटा व्हिडिओ द्या, म्हणजे 'आमच्याकडे नीट चालतंय' असं म्हणून परत येणार नाही. फोर्स फीडबॅकचा मोटर असलेला पाया घरच्या विजेवर चालत असेल तर तो घरी उघडायचाच नाही. हॉल सेन्सरची पाटी, जळका वास, गरम होणारा यूएसबी प्लग, ही कामं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याची. सोल्डरिंग पहिल्यांदाच करणार असाल तर पहिला प्रयोग महागड्या पेडलवर करू नका. एकापेक्षा जास्त उपकरणं वेगवेगळ्या पोर्टवर निघून जात असतील तर दोष संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये किंवा मदरबोर्डवर असू शकतो, तो संगणकवाल्याकडे.

आणि उपकरण निर्दोष, वारा शून्य, एकच बाइंडिंग, इनपुट फोल्डर कोरं, तरीही शेपटीचं चाक किंवा ट्रिम सांगितल्याप्रमाणे वागत नाही, असं झालं तर डीसीएसची रिपेअर आज्ञा चालवा. हवामान बदलणारे मॉड (बाहेरून टाकलेले बदल) घातले असतील तर आधी काढा. त्यानंतरही तेच असेल तर निर्मात्यांच्या मदत विभागाकडे लॉगची फाइल आणि एका टेकऑफचा ट्रॅक (सिम्युलेटरनं साठवलेली उड्डाणाची नोंद) पाठवा. ट्रॅक छोटा ठेवा, इंजिन चालू स्थितीतून सुरू केलेला, दोन मिनिटांच्या आतला. पंचेचाळीस मिनिटांच्या मोहिमेचा ट्रॅक कुणी पुढे नेऊन बघत बसत नाही.